डेटाबेस सर्व्हरला कनेक्ट होत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"डेटाबेस कनेक्ट होत नाहीये, काय करू?" एवढ्याच ओळीचे जे प्रश्न सतत येत राहतात, ते इथे एकत्र केले आहेत. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि ओरॅकल हे चार डेटाबेस डोळ्यांसमोर आहेत. सगळं वाचायची गरज नाही, पण प्रश्न १ आणि २ वगळू नका. पुढची निम्मी उत्तरं त्यांच्या आधाराने दिली आहेत.

१. कनेक्ट होत नाही. सुरुवात नेमकी कुठून करायची?

एररचा पूर्ण मजकूर वाचण्यापासून. ॲपच्या स्क्रीनवर दिसणारं "काहीतरी चुकलं" हे वाक्य कामाचं नाही. लॉग उघडा आणि ड्रायव्हरने (ॲपला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीने) दिलेली मूळ ओळ शोधा. जावाच्या लॉगमध्ये ती बहुधा सर्वांत खालच्या "कॉज्ड बाय"पाशी सापडते.

कनेक्शन टप्प्याटप्प्याने होतं. आधी सर्व्हरच्या नावाचा आयपी (आकड्यांतला पत्ता) मिळतो, मग त्या आयपीच्या पोर्टवर (त्या मशीनवरच्या एका सेवेच्या क्रमांकाच्या दारावर) टीसीपी जोडणी होते, मग टीएलएस (कनेक्शनचं एन्क्रिप्शन) असेल तर ते ठरतं, मग लॉगिन आणि शेवटी डेटाबेसची निवड. तुम्ही यांतल्या कितव्या टप्प्यावर अडकलात, हे एररवरून कळतं. मायएसक्यूएलने तर सोयच करून ठेवली आहे: १००० च्या घरातले एरर सर्व्हरकडून येतात आणि २००० च्या घरातले क्लायंटकडून. १०४५ दिसला तर सर्व्हरने स्वतः उत्तर दिलं आहे, म्हणजे फायरवॉलला हात लावायचं कारण नाही. २००३ दिसला तर तुम्ही सर्व्हरपर्यंत पोहोचलाच नाहीत, मग पासवर्ड दहा वेळा बदलून काही होणार नाही. पोस्टग्रेसच्या एररमध्ये "फेटल" शब्द असेल तर तेही सर्व्हरचंच बोलणं असतं.

दुसरी गोष्ट, चाचणी त्याच मशीनवरून करा जिथून कनेक्शन तुटतंय. ॲप वेगळ्या सर्व्हरवर चालत असताना "माझ्या लॅपटॉपवरून तर होतंय" या माहितीचा उपयोग फार थोडा.

२. "कनेक्शन रिफ्यूज्ड" आणि "कनेक्शन टाइम्ड आउट" म्हणजे एकच ना?

नाही. सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो या दोघांची गल्लत केल्याने.

रिफ्यूज्ड म्हणजे तुमचं पॅकेट पोहोचलं आणि समोरून स्पष्ट नकार आला. क्लायंटने टीसीपीचं सिन (जोडणी मागणारं पहिलं पॅकेट) पाठवलं, उत्तरादाखल रीसेट (नकाराचं पॅकेट) आलं. हे क्षणात होतं. बहुतेक वेळा अर्थ असा की मशीन चालू आहे, रस्ता मोकळा आहे, पण त्या आयपीच्या त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. डेटाबेस बंद आहे, पोर्ट चुकलाय किंवा डेटाबेस फक्त लोकल पत्त्यावर ऐकतोय. लिनक्सवर याचा क्रमांक १११, विंडोजवर १००६१. मायएसक्यूएलच्या २००३ एररच्या शेवटी कंसात एक आकडा येतो तो हाच. त्याकडे सहसा कोणी पाहत नाही.

टाइम्ड आउट म्हणजे उत्तरच आलं नाही. सिन पाठवलं, काही आलं नाही, पुन्हा पाठवलं, तरी नाही. विंडोज बहुधा वीसेक सेकंदांत नाद सोडतं, लिनक्स एक-दोन मिनिटंही चिकाटीने थांबतं. ॲपचा स्वतःचा टाइमआउट त्याहून कमी असेल तर तो आधी लागतो. इथे संशय फायरवॉल, क्लाउडचे नियम, राउटिंग किंवा चुकीचा आयपी यांवर. क्रमांक लिनक्सवर ११०, विंडोजवर १००६०.

अपवाद मात्र आहेत. मधली फायरवॉल पॅकेट गुपचूप टाकून देण्याऐवजी रीसेट पाठवायला सांगितलेली असेल तर फायरवॉलचा अडथळासुद्धा "रिफ्यूज्ड" दिसतो. उलट, विंडोज फायरवॉलच्या स्टेल्थ मोडमुळे ज्या पोर्टवर कोणीही ऐकत नाही तिथूनही नकार येत नाही, नुसती शांतता असते. तिसरा प्रकार सर्वांत फसवा. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर फायरवॉलडीने (तिथल्या फायरवॉल सर्व्हिसने) पोर्ट अडवला की क्लायंटला "नो रूट टू होस्ट", क्रमांक ११३, दिसतो. लोक राउटिंग टेबल तपासत बसतात, प्रत्यक्षात सर्व्हरवरचा एक नियम जोडायचा असतो. पिंग चालतंय आणि तरी ११३ येतोय, तर आधी फायरवॉलडी पाहा.

३. पिंग होतंय, तरी डेटाबेस कनेक्ट का होत नाही?

कारण पिंग आयसीएमपी हा वेगळा प्रोटोकॉल वापरतं आणि डेटाबेस टीसीपी पोर्ट. पिंग झालं म्हणजे मशीन जिवंत आहे आणि तिथवर रस्ता आहे, एवढंच. उलटही होतं: पिंग अडवलेलं असतं आणि डेटाबेस व्यवस्थित चालतो. क्लाउडमध्ये हे नेहमीचं. म्हणून पिंग फेल गेलं की "सर्व्हर डाउन" असं जाहीर करू नका. पिंगचा खरा उपयोग वेगळाच: नावाचा कोणता आयपी निघतोय हे पहिल्याच ओळीत दिसतं, आणि तो जुन्या सर्व्हरचा निघाला तर पुढचं सगळं तपासणं वाचतं.

४. पोर्ट उघडा आहे का, हे कसं पाहायचं?

आधी पोर्टचा आकडा पक्का करा. मूळ सेटिंगमध्ये पोस्टग्रेस ५४३२, मायएसक्यूएल ३३०६, एसक्यूएल सर्व्हर १४३३, ओरॅकलचा लिसनर (कनेक्शन स्वीकारणारा प्रोग्राम) १५२१. डेबियन आणि उबुंटूवर पोस्टग्रेसची दुसरी आवृत्ती शेजारी बसवली की ती निमूटपणे ५४३३ घेते. अपग्रेडनंतर "जुनाच डेटा दिसतोय" किंवा "रिफ्यूज्ड येतंय" या तक्रारींमागे हे अनेकदा असतं.

लिनक्स आणि मॅकवर नेटकॅट वापरा, विंडोजवर पॉवरशेलची टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड पोर्टसकट द्या. विंडोजच्या उत्तरात शेवटच्या "टीसीपीटेस्टसक्सीडेड" या ओळीपुढे ट्रू आहे की फॉल्स, एवढंच बघायचं. टेलनेटही चालतं, फक्त आजच्या विंडोजवर ते आधी सुरू करून घ्यावं लागतं.

टेलनेटची एक गंमत आहे. मायएसक्यूएलच्या पोर्टवर टेलनेट केलं तर सर्व्हर स्वतःहून आधी बोलतो: थोडा अगम्य मजकूर आणि त्यात आवृत्तीचा आकडा. कधी तिथेच "तुमच्या होस्टला परवानगी नाही" असं वाक्य दिसतं, मग उत्तर हातातच आलं. पोस्टग्रेस मात्र क्लायंट बोलेपर्यंत गप्प राहतो. रिकामी स्क्रीन पाहून तो बिघडलाय असं समजू नका.

५. सर्व्हरवर बसून कनेक्ट होतं, दुसऱ्या मशीनवरून नाही. का?

दहापैकी आठ वेळा डेटाबेस फक्त १२७.०.०.१ वर (मशीनच्या स्वतःच्या आतल्या पत्त्यावर) ऐकत असतो, असा माझा अंदाज. बाहेरच्या जगाशी त्याने बोलावं असं कोणी सांगितलेलंच नसतं, आणि हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे.

सर्व्हरवर एसएस किंवा नेटस्टॅट ही कमांड चालवा आणि ऐकणाऱ्या पोर्टांची यादी पाहा. ५४३२ च्या आधी १२७.०.०.१ असेल तर फक्त आतून येता येईल. ०.०.०.० किंवा तारा असेल तर सगळ्या पत्त्यांवर ऐकणं चालू आहे, मग दोष फायरवॉलकडे शोधा.

पोस्टग्रेसमध्ये ही सेटिंग लिसन_ॲड्रेसेस, मूळ किंमत लोकलहोस्ट. बदलल्यावर सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो, नुसतं रीलोड पुरत नाही. त्याशिवाय पीजी_एचबीए.कॉन्फ या फाइलमध्ये त्या आयपीसाठी ओळ हवी, नाहीतर "नो पीजी_एचबीए.कॉन्फ एंट्री फॉर होस्ट" हा एरर येतो. या फाइलसाठी रीलोड पुरतं. मायएसक्यूएलमध्ये बाइंड-ॲड्रेस ही सेटिंग. तिची मूळ किंमत सगळे पत्ते अशी आहे, पण उबुंटूचं पॅकेज ती १२७.०.०.१ करून ठेवतं, त्यामुळे अधिकृत माहितीपत्रक वाचून "हे तर उघडंच असतं" असं म्हणणारा माणूस फसतो. एसक्यूएल सर्व्हरच्या एक्सप्रेस आणि डेव्हलपर आवृत्त्यांत टीसीपी/आयपी चक्क बंदच येतं. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये जाऊन ते चालू करायचं आणि सर्व्हिस रीस्टार्ट करायची. मोंगोडीबी ३.६ पासून आणि रेडिस ३.२ पासून बाहेरच्यांना मूळ सेटिंगमध्ये दूरच ठेवतात.

सेटिंग बदलूनही फरक पडला नाही तर तुम्ही बदललेली फाइल आणि सर्व्हर वाचतोय ती फाइल वेगळ्या असू शकतात. पोस्टग्रेसला आतून "शो कॉन्फिग_फाइल" विचारा, तो पूर्ण पाथ सांगतो.

६. फायरवॉल थोडा वेळ बंद करून पाहू का? किंवा ०.०.०.०/० (म्हणजे सगळे आयपी) उघडू का?

नको. बंद केल्यावर चाललं तर "फायरवॉल होती" एवढंच कळतं, नेमका कोणता नियम हवा ते कळत नाही, आणि "थोडा वेळ" बहुधा महिनाभर चालतो. इंटरनेटवर उघडा पडलेला डेटाबेस पोर्ट शोधणारी यंत्रं दिवसरात्र फिरत असतात. जानेवारी २००३ मध्ये एसक्यूएल स्लॅमर हा वर्म एसक्यूएल सर्व्हरच्या यूडीपी १४३४ पोर्टातून घुसला आणि काही मिनिटांत जगभर पसरला. २०१७ च्या सुरुवातीला पासवर्डशिवाय उघडे असलेले हजारो मोंगोडीबी सर्व्हर पुसून तिथे खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या गेल्या.

फक्त क्लायंटचा आयपी आणि फक्त तो पोर्ट उघडा. क्लाउडमध्ये थर एकाहून जास्त असतात, सर्व्हरवरची फायरवॉल वेगळी आणि क्लाउडचा सिक्युरिटी ग्रुप वेगळा. दोन्हीकडे वाट हवी. एकट्या डेव्हलपरला बाहेरून पोहोचायचं असेल तर एसएसएच टनेल (एसएसएच लॉगिनमधून नेलेली एन्क्रिप्टेड वाट) बरा, पोर्ट उघडावाच लागत नाही.

एक उलटी खोच: डॉकरने (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणाऱ्या साधनाने) बाहेर काढलेले पोर्ट यूएफडब्ल्यू या उबुंटूच्या फायरवॉलच्या नियमांना वळसा घालतात, कारण डॉकर स्वतःचे आयपीटेबल्स (लिनक्सच्या कर्नलमधले फायरवॉल) नियम लिहितं. यूएफडब्ल्यूत ३३०६ बंद दिसतोय म्हणून निर्धास्त राहू नका.

७. लोकलहोस्ट लिहिलं की चालत नाही, १२७.०.०.१ लिहिलं की चालतं. हा काय प्रकार?

दोन वेगवेगळी कारणं आहेत.

मायएसक्यूएलचा क्लायंट लिनक्सवर "लोकलहोस्ट" या शब्दाचा अर्थ युनिक्स सॉकेट असा घेतो. म्हणजे टीसीपी पोर्ट वापरलाच जात नाही, डिस्कवरच्या एका सॉकेट फाइलमधून बोलणं होतं. ती फाइल सापडली नाही की २००२ एरर येतो. १२७.०.०.१ लिहिलं की तो खरा टीसीपीने जातो. लोकलहोस्टबरोबर पोर्टचा आकडा दिला तरी सॉकेटच वापरला जातो, हे अनेकांना माहीत नसतं. त्यामुळे डॉकरमधल्या ३३०७ ऐवजी मशीनवरच्याच दुसऱ्या मायएसक्यूएलला जोडून लोक टेबलं कुठे गेली ते शोधत राहतात.

दुसरं कारण आयपीव्ही६. लोकलहोस्टचे दोन पत्ते असतात, ::१ आणि १२७.०.०.१. नोड.जेएसने २०२१ मध्ये १७ व्या आवृत्तीपासून पत्त्यांचा क्रम सिस्टिम देईल तसाच ठेवायला सुरुवात केली. आधी आयपीव्ही४ ला पहिला मान होता. डेटाबेस फक्त आयपीव्ही४ वर ऐकत असेल तर ::१ वर नकार मिळतो. एररमध्ये "::१:५४३२" असं दिसलं तर हेच. पोस्टग्रेसचा क्लायंट दोन्ही पत्ते आळीपाळीने आजमावतो आणि दोन्हींचे एरर एकाखाली एक छापतो. पहिलाच वाचून थांबू नका.

८. ॲप डॉकरमध्ये आहे, डेटाबेसही डॉकरमध्ये. लोकलहोस्टवर सापडत नाही.

कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. डॉकर कंपोज (अनेक कंटेनर एकत्र चालवणारं साधन) वापरत असाल तर होस्टच्या जागी सर्व्हिसचं नाव लिहा. आणि पोर्ट आतला लिहा, बाहेर काढलेला नाही: "५४३३:५४३२" असं मॅपिंग असेल तर दुसऱ्या कंटेनरसाठी ५४३२, तुमच्या लॅपटॉपवरून ५४३३. डेटाबेस लॅपटॉपवर आणि ॲप कंटेनरमध्ये असेल तर डॉकर डेस्कटॉपवर "होस्ट.डॉकर.इंटर्नल" हे नाव चालतं.

पहिल्याच सुरुवातीला रिफ्यूज्ड येऊन नंतर आपोआप चालत असेल तर डेटाबेस तयार होण्याआधी ॲप धावलंय. "डिपेंड्स_ऑन" नुसतं लिहिलं तर कंटेनर सुरू होण्याचीच वाट पाहिली जाते, डेटाबेस तयार होण्याची नाही. हेल्थचेक जोडा, आणि ॲपला पुन्हा प्रयत्न करायलाही शिकवा, कारण पुढे कधीतरी डेटाबेस मध्येच रीस्टार्ट होणारच आहे.

९. एसक्यूएल सर्व्हर "एरर २६, एरर लोकेटिंग सर्व्हर/इन्स्टन्स" देतो.

तुम्ही नावाचा इन्स्टन्स (एसक्यूएल सर्व्हरची वेगळ्या नावाने चालणारी प्रत) वापरताय आणि क्लायंटला त्याचा पोर्ट सापडत नाहीये. असे इन्स्टन्स मूळ सेटिंगमध्ये दर वेळी वेगळा पोर्ट घेऊ शकतात. तो कोणता, हे एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर ही सर्व्हिस यूडीपी १४३४ वरून सांगते. ती बंद असेल किंवा १४३४ अडवलेला असेल तर एरर २६. स्लॅमरनंतर कित्येक ठिकाणी हा पोर्ट कायमचाच बंद आहे.

माझं मत विचाराल तर ब्राउझरच्या मागे न लागता इन्स्टन्सला ठराविक पोर्ट द्या आणि कनेक्शन स्ट्रिंगमध्ये तो लिहा. लिहिताना सर्व्हरच्या नावानंतर स्वल्पविराम द्यायचा, कोलन नाही. बाकी सगळीकडे कोलन असल्यामुळे बोट आपोआप तिकडे जातं.

१०. ओरॅकलचे १२१५४, १२५४१ आणि १२५१४ यांत फरक काय?

१२१५४ म्हणजे दिलेल्या नावाचा पत्ताच क्लायंटला कळला नाही. टीएनएसनेम्स.ओरा फाइल (नाव आणि पत्ते यांची यादी) चुकीच्या जागी आहे किंवा नाव चुकलंय. गोष्ट अजून तुमच्याच मशीनवर आहे. १२५४१ म्हणजे तिथवर पोहोचलात, पण लिसनर चालू नाही. १२५१४ म्हणजे लिसनर आहे, पण तुम्ही मागितलेली सर्व्हिस त्याला माहीत नाही.

शेवटचा प्रकार लिसनर रीस्टार्ट केल्यावर थोडा वेळ दिसू शकतो, कारण डेटाबेस आपली नोंदणी दर मिनिटाच्या आसपास करत असतो. घाई असेल तर "ऑल्टर सिस्टिम रजिस्टर" चालवा. तरीही राहिला तर "एलएसएनआरसीटीएल स्टेटस"च्या यादीतलं सर्व्हिसचं नाव अक्षरशः जुळवून पाहा. जेडीबीसीमध्ये (जावाच्या डेटाबेस जोडणीत) पोर्टनंतर कोलन दिला तर पुढचं नाव एसआयडी (ओरॅकल इन्स्टन्सचं नाव) समजलं जातं, तिरकी रेघ दिली तर सर्व्हिस.

११. पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, तरी "ॲक्सेस डिनाइड" का?

आनंदाची बातमी ही की नेटवर्क ठीक आहे. आता डेटाबेसप्रमाणे पाहू.

मायएसक्यूएलमध्ये युजर म्हणजे नाव आणि होस्ट यांची जोडी. "ॲप" हा युजर लोकलहोस्टसाठी वेगळा आणि १०.०.०.५ साठी वेगळा, पासवर्डही वेगळा असू शकतो. एररमध्ये सर्व्हर ज्या होस्टचं नाव छापतो ते नीट वाचा, त्याच्या दृष्टीने तुम्ही तिथून आला आहात. व्हीपीएन किंवा नॅटमुळे (वाटेत पत्ता बदलल्यामुळे) तो पत्ता तुमच्या कल्पनेपेक्षा वेगळा निघतो. त्या होस्टसाठी कोणताच युजर नसेल तर ११३० येतो, होस्ट चालतो पण युजर किंवा पासवर्ड जुळत नसेल तर १०४५.

पोस्टग्रेस पीजी_एचबीए.कॉन्फ वरून खाली वाचतो आणि पहिली जुळणारी ओळ अंतिम मानतो. ती नाकारली गेली तर पुढच्या ओळीकडे तो वळत नाही. म्हणून फाइलच्या तळाशी नवी ओळ टाकून काही न बदलण्याचा अनुभव येतो. "पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड" दिसलं तर तुम्ही सॉकेटने आलात आणि तो लिनक्सच्या युजरचं नाव पाहतोय, पासवर्ड विचारलेलाच नाही. होस्ट म्हणून १२७.०.०.१ द्या. "डेटाबेस डझ नॉट एक्झिस्ट" आणि पुढे तुमच्याच युजरचं नाव, असं दिसलं तर डेटाबेसचं नाव द्यायचं राहिलं. पोस्टग्रेस तेव्हा युजरचं नावच डेटाबेसचं समजतो.

एसक्यूएल सर्व्हरचा १८४५६ क्लायंटला मुद्दाम कमी सांगतो, स्टेट कायम १ दाखवतो. खरा स्टेट सर्व्हरच्या एररलॉगमध्ये असतो: ५ म्हणजे असा लॉगिन नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकला, ५८ म्हणजे सर्व्हर फक्त विंडोज लॉगिन स्वीकारतोय.

आणि सगळ्यांसाठी: कनेक्शन यूआरएलमध्ये पासवर्ड लिहिताना त्यात @, /, #, % अशी चिन्हं असतील तर ती एन्कोड करा, जसं @ साठी %४०. नाहीतर @ नंतरचा पासवर्डचा तुकडा होस्टचं नाव समजला जाऊ शकतो आणि एरर येतो नाव न सापडल्याचा.

१२. ड्रायव्हर किंवा सर्व्हर अपग्रेड केला आणि कनेक्शन बंद पडलं. बाकी काहीच बदललं नाही.

बदललं आहे, फक्त तुम्ही नाही बदललं. नव्या आवृत्त्या सुरक्षेच्या मूळ सेटिंग कडक करत जातात. मायएसक्यूएल ८.० ने २०१८ मध्ये कॅशिंग_शा२_पासवर्ड ही पद्धत मूळ केली, जुने ड्रायव्हर ती ओळखत नाहीत. पोस्टग्रेस १४ ने २०२१ मध्ये पासवर्डसाठी स्क्रॅम ही पद्धत मूळ धरली, जुना ड्रायव्हर तेव्हा "ऑथेंटिकेशन टाइप १० सपोर्टेड नाही" म्हणतो. जावाच्या एप्रिल २०२१ च्या अपडेटने टीएलएस १.० आणि १.१ बंद केले. मायक्रोसॉफ्टच्या ओडीबीसी ड्रायव्हर १८ ने एन्क्रिप्शन मूळतः सक्तीचं केलं, त्यामुळे स्वतःच बनवलेलं सर्टिफिकेट असलेल्या सर्व्हरवर "सर्टिफिकेट विश्वासार्ह नाही" असा एरर येतो.

शक्य तिथे ड्रायव्हर वाढवा किंवा योग्य सर्टिफिकेट बसवा. "ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट" चालू करणं ही चाचणीपुरती पळवाट आहे, तीच स्ट्रिंग प्रॉडक्शनला जाऊ देऊ नका.

काहीही अपग्रेड न करता एका ठराविक दिवशी सगळ्यांचं एकदम बंद पडलं असेल तर सर्टिफिकेटची मुदत आणि सर्व्हरचं घड्याळ पाहा.

१३. "टू मेनी कनेक्शन्स" येतंय. मर्यादा वाढवू का?

आधी मोजा. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १००, त्यातली ३ सुपरयुजरसाठी राखीव. मायएसक्यूएलची १५१, शिवाय ॲडमिनसाठी एक जागा वेगळी. आता ॲपच्या ८ प्रती आणि प्रत्येकीचा पूल (उघडून तयार ठेवलेली कनेक्शन) २० चा, म्हणजे १६०. डिप्लॉयमेंटच्या वेळी जुन्या आणि नव्या प्रती काही काळ एकत्र चालतात, तेव्हा ३२०. "फक्त डिप्लॉय करतानाच होतं" याचं कोडं इथे सुटतं.

मग पोस्टग्रेसमध्ये पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी, मायएसक्यूएलमध्ये प्रोसेसलिस्ट उघडा. शेकडो कनेक्शन नुसती बसलेली दिसली तर पूल मोठा आहे किंवा कोड कनेक्शन परत करत नाही. "आयडल इन ट्रान्झॅक्शन" दिसलं तर कोणीतरी ट्रान्झॅक्शन उघडून विसरलंय, आणि तो दोष कनेक्शनच्या संख्येहून वाईट आहे, कारण लॉक अडकून राहतात. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनला स्वतंत्र प्रोसेस लागते, मेमरी फुकट मिळत नाही. पूल आवळा, प्रती खूप असतील तर पीजीबाउन्सर (कनेक्शन वाटून देणारा प्रोग्राम) मध्ये ठेवा, आणि एवढं करूनही पुरलं नाही तरच मर्यादा वाढवा. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी रीस्टार्ट लागतो.

१४. सकाळची पहिली क्वेरी नेहमी फेल जाते, दुसरी चालते.

रात्रभर रिकामं बसलेलं कनेक्शन मधल्या कोणीतरी विसरलेलं असतं. ॲझ्युअरचा लोड बॅलन्सर मूळ सेटिंगमध्ये ४ मिनिटांत, ॲमेझॉनचा नेटवर्क लोड बॅलन्सर ३५० सेकंदांत रिकामं कनेक्शन विसरतो. मायएसक्यूएल स्वतः २८,८०० सेकंदांनी, म्हणजे ८ तासांनी तोडतो. संध्याकाळी ऑफिस सुटतं आणि सकाळी उघडतं, गणित बरोबर जुळतं. लिनक्सचा टीसीपी कीपअलाइव्ह (कनेक्शन जिवंत आहे का ते पाहणारं पॅकेट) मात्र मूळतः ७,२०० सेकंदांनी जागा होतो, तोवर उशीर झालेला असतो.

पूलमधल्या कनेक्शनचं कमाल आयुष्य या सगळ्यांत छोट्या आकड्याहून कमी ठेवा, किंवा कीपअलाइव्ह त्याआधी जाईल असा लावा. डेटाबेसचा टाइमआउट वाढवून काही साधत नाही, तोडणारा बहुधा मधला कोणीतरी असतो.

१५. व्हीपीएनवरून कनेक्ट होतं, छोट्या क्वेरी चालतात, मोठा रिझल्ट आला की लटकतं.

हा एमटीयूचा (पॅकेटच्या कमाल आकाराचा) झोल. इथरनेटवर पॅकेट १५०० बाइटपर्यंत असतं, व्हीपीएनच्या वेष्टनामुळे आत जागा कमी उरते. मोठं पॅकेट मावत नाही, आणि "छोटं करून पाठव" असं सांगणारा आयसीएमपी निरोप कोणीतरी फायरवॉलवर अडवलेला असतो. पाठवणारा तेच मोठं पॅकेट पुन्हापुन्हा पाठवत बसतो. कधी टीएलएसच्या टप्प्यावरच लटकतं, कारण सर्टिफिकेट मोठं असतं.

तपासायला पिंगला "तुकडे करू नको" हा पर्याय देऊन १४७२ बाइटचं पॅकेट पाठवा. २८ बाइट हेडरचे धरून १५०० होतात. ते गेलं नाही आणि १३०० चं गेलं, तर निदान झालं. व्हीपीएनच्या इंटरफेसचा एमटीयू कमी करा, किंवा नेटवर्क टीमला एमएसएस क्लॅम्पिंग (टीसीपी पॅकेटचा आकार आवळणारी सेटिंग) लावायला सांगा.

१६. टर्मिनलमधून तीच स्क्रिप्ट चालते, वेबसाइटमधून नाही. मशीन एकच.

रेड हॅट, रॉकी, अल्मा यांपैकी काही असेल तर एसईलिनक्स, म्हणजे लिनक्सचा जादा सुरक्षा-थर. वेब सर्व्हरने डेटाबेसकडे नेटवर्कने जायला मूळतः मनाई असते. खूण म्हणजे एररमधला क्रमांक १३, "परमिशन डिनाइड". एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट_डीबी हा बूलियन (चालू-बंद स्विच) कायमचा चालू करा. संपूर्ण एसईलिनक्स बंद करण्याचा सल्ला जागोजागी मिळतो, तो घेऊ नका. इतर लिनक्सवर बहुधा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वेगळे असतात. तुमच्या शेलमध्ये असलेला पासवर्ड सर्व्हिसला माहीतच नसतो.

१७. लोड वाढला की "कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस" येतो.

क्लायंटकडचे तात्पुरते पोर्ट संपले. लिनक्स मूळतः ३२७६८ ते ६०९९९ वापरतं, म्हणजे २८,२३२. बंद केलेलं प्रत्येक कनेक्शन ६० सेकंद टाइम_वेट या अवस्थेत राहतं. एकाच डेटाबेसकडे सेकंदाला साधारण ४७० च्या वर नवी कनेक्शन उघडून लगेच मिटवली की पोर्ट उरत नाहीत. पूल वापरा. कर्नलच्या सेटिंगशी खेळण्याआधी दर रिक्वेस्टला नवं कनेक्शन कोण उघडतंय ते शोधा.

१८. मायएसक्यूएल म्हणतो "होस्ट ब्लॉक्ड, बिकॉज ऑफ मेनी कनेक्शन एरर्स". हल्ला झालाय का?

बहुधा नाही. त्या होस्टवरून लागोपाठ १०० अर्धवट कनेक्शन आली की ११२९ येतो. सहसा दोषी असतो लोड बॅलन्सरचा हेल्थ चेक, जो पोर्ट उघडून काही न बोलता निघून जातो. प्रश्न ४ मधल्या नेटकॅटच्या चाचण्या लूपमध्ये चालवल्या तरी असं होऊ शकतं. मायएसक्यूएलॲडमिनने फ्लश-होस्ट्स करा, म्हणजे लगेच सुटका. मग हेल्थ चेक मायएसक्यूएल समजणारा लावा, नाहीतर हा एरर परत येईल.

१९. फेलओव्हर झाला (मुख्य सर्व्हरची जागा दुसऱ्याने घेतली), नवा प्रायमरी (मुख्य सर्व्हर) चालू आहे, पण ॲप जुन्यालाच चिकटून आहे.

पूलमधली जुनी कनेक्शन आणि डीएनएसची कॅश (नावाचा साठवून ठेवलेला आयपी), या दोन्ही जागा पाहा. जुना सर्व्हर रेप्लिका (मुख्य सर्व्हरची प्रत) म्हणून जिवंत असेल तर कनेक्शन तुटतच नाही, वाचणं चालतं आणि लिहिताना "रीड-ओन्ली"चा एरर येतो. पोस्टग्रेसच्या क्लायंटला दोन्ही होस्ट देऊन टार्गेट_सेशन_ॲट्र्स "रीड-राइट" ठेवता येतो, मग तो लिहिता येणारा सर्व्हरच निवडतो. आधीच उघडलेल्या कनेक्शनना याचा उपयोग नाही, ती पूलमधून काढावीच लागतात. कमाल आयुष्याचा मुद्दा प्रश्न १४ मध्ये आहे.

२०. सगळं करून पाहिलं. आता नेटवर्क टीमला किंवा डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) काय पाठवू?

कुठून, कुठे, कोणता पोर्ट, किती वाजता, पूर्ण एरर. आयपी लिहा, नुसतं "ॲप सर्व्हर" नको. वेळ टाइमझोनसकट लिहा, त्यांचे लॉग बहुधा यूटीसीत असतात. प्रश्न ४ मधल्या चाचणीचा निकाल जोडा, आणि चालणाऱ्या दुसऱ्या एखाद्या मशीनवरून तीच चाचणी केल्याचा निकालही.

जमलं तर दोन्ही टोकांना एकाच वेळी टीसीपीडंप (पॅकेट टिपणारी कमांड) लावा. क्लायंटकडे सिन जाताना दिसतंय आणि सर्व्हरकडे काहीच येत नाही: जाताना मध्ये कुठेतरी अडतंय. सर्व्हरकडे सिन येतंय, सर्व्हर सिन-ॲकही (होकाराचं पॅकेट) पाठवतोय, पण ते क्लायंटला पोहोचत नाही: परतीचा रस्ता चुकलाय, राउटिंग किंवा दोन वेगळ्या वाटांवरची फायरवॉल पाहायला सांगा. सिन येतंय आणि सर्व्हर गप्प: त्याच सर्व्हरवरची फायरवॉल. या तीनपैकी कोणतं चित्र दिसलं हे एका ओळीत लिहिलंत तर तिकीट एका टीमकडून दुसरीकडे फिरत नाही.

कनेक्शन स्ट्रिंग चिकटवताना पासवर्ड खोडा. चुकून गेलाच असेल तर मेसेज डिलीट करून भागत नाही, पासवर्ड बदला.